काय सांगतेस

"ये क्या है, आंटी?"

विमानतळावर तपासणीच्या टेबलावर मालनमावशींची कापडी पिशवी उघडी पडली होती आणि गणवेशातली तरुण पोरगी त्यातून एकेक वस्तू काढून मांडत होती. कपडे वाळत घालायचे बारा लाकडी चिमटे. स्टीलच्या डब्यात कणकेचा गोळा. अर्धा किलो मटारच्या शेंगा. जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा. शिवाय हिंगाची एक रिकामी डबी, आत चार साबुदाणे टाकून बंद केलेली, हलवली की वाजणारी.

"बच्चे का सामान है," मालनमावशी म्हणाल्या.

"खिलौना किधर है?"

"यही खिलौना है."

पोरीने कणीक बोटाने दाबून पाहिली. मग शेजारी उभ्या असलेल्या ऋताकडे आणि तिच्या कडेवरच्या मनूकडे पाहिलं. तिच्याही घरी कोणी लहान असावं, कारण पुढे काही न विचारता तिने सगळं परत पिशवीत भरून दिलं.

मूल खेळण्याने रमत नाही, कामाने रमतं, हा मालनमावशींचा सिद्धांत. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत तेवीस वर्षं त्या पाळणाघर चालवत होत्या आणि एवढ्या वर्षांत हा सिद्धांत एकदाही तोंडावर पडला नव्हता. बाहुल्या, गाड्या, टाळ्या वाजवणारी माकडं पालक हौसेने आणून देत; मावशी ती कपाटावर रचून ठेवत आणि मुलांच्या हाती चिमटे देत. दोरीला बारा चिमटे लावायचे, बारा काढायचे. मूल अर्धा तास मान वर करत नाही.

म्हणूनच ऋताने त्यांना गळ घातली होती. ती आणि तिचा नवरा शंतनू मनूला घेऊन बंगळूरला राहायला चालले होते. शंतनूची बदली झाली होती, तो दहा दिवसांपूर्वीच पुढे गेला होता. दिवाळीनंतर एका लग्नाला म्हणून तिघं विमानाने बंगळूरला गेले, तेव्हा मनू जाताना आणि येताना इतका रडला होता की पुढच्या सीटवरचा माणूस उभा राहून बोलला. ऋताने धसकाच घेतला. "मावशी, पावणेदोन तासांचा प्रश्न आहे," ती म्हणाली होती. "तुम्ही नुसत्या सोबत चला. त्याला रमवा. दुपारच्या विमानाने परत या. माझ्याकडे तो राहत नाही हो." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज कसातरी झाला होता, पण मावशींना वाटलं, सामान आवरून दमली असेल.

मावशी जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. तात्या, त्यांचे यजमान, तेही बसले नव्हते, पण सल्ले देण्यात कमी पडले नाहीत. "विमान वर चढताना खाली बघू नको," असं त्यांनी दोनदा बजावलं. मावशींना खिडकीचीच जागा मिळाली. मधे मनू, पलीकडे ऋता. विमान धावायला लागलं तशी मावशींनी एका हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने मनूला चमच्याचमच्याने पाणी पाजलं. गिळत राहिलं की कान दुखत नाहीत, हे त्यांना चाळीत शेजारी राहणाऱ्या डायनाने सांगितलं होतं. मनू पाणी गिळत राहिला. रडला नाही. मावशींनीच दोनदा डोळे मिटून गावच्या वेतोबाला हाक मारली.

सरळ उडायला लागल्यावर पिशवी उघडली. लुगड्याचा तुकडा पुढच्या सीटच्या कप्प्यात खोचून पसरला आणि चिमटे मनूच्या मांडीवर ओतले. मनूने जिभेचं टोक बाहेर काढलं आणि कामाला लागला.

"गुड बॉय," मावशी म्हणाल्या. "सिट. व्हेरी गुड."

हे इंग्रजी ऋतासाठी होतं. मनू आठ महिन्यांचा असताना त्याला पहिल्या दिवशी सोडायला आली तेव्हाच ऋता म्हणाली होती, "घरी आम्ही त्याच्याशी इंग्लिशमध्येच बोलतो. तुम्हीही जमेल तसं बोला, मावशी. पुढे शाळेला बरं पडतं." मावशींनी हो म्हटलं. त्यांना जमेल तेवढं म्हणजे कम, सिट, ईट आणि गुड बॉय. संध्याकाळी दारात पालकांची सावली पडली की मावशींचं इंग्रजी सुरू व्हायचं, आणि सावली गेली की संपायचं. मधल्या दहा तासांत तोंडातून यायची ती घरची मालवणी. मनूनेही तीच उचलली होती. एखाद दिवशी हे उघडकीला येणार आणि ऋता आपल्याला दारात उभं करून जाब विचारणार, या धास्तीत मावशी सहा महिने होत्या. पण तक्रार आली नाही. मग त्यांनीच मनाची समजूत घातली, की पोर हुशार आहे, माणूस बघून भाषा काढतं. घरी इंग्रजी बोलत असेल.

"तू झोप जरा," त्या ऋताला म्हणाल्या. "डोळे बघ तुझे. मी आहे."

ऋताने मान मागे टेकली आणि खरंच झोपली. दहा मिनिटं मावशी गप्प राहिल्या. मग तिचा श्वास संथ झालेला पाहून मनूच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "ढग बघ खंय आसत ते."

मनू त्यांच्या मांडीवरून ओणवा होऊन खिडकीला नाक लावून बसला. "हंय आसत," तो तितक्याच हळू म्हणाला. त्या दोघांचं बोलणं असंच चालायचं, कुजबुजत. मावशी दारावर कान ठेवून बोलत, म्हणून पोरही हळूच बोलायला शिकलं होतं.

मग मटार सोलले. मनूने शेंग दाबायची, मावशींनी दाणे डब्यात पाडायचे. कणकेच्या तीन पोळ्या झाल्या, तिन्ही वेड्यावाकड्या. परत चिमट्यांची पाळी आली. तेव्हा एक चिमटा लुगड्यावरून निसटला आणि थेट ऋताच्या मांडीवर, पलीकडच्या कडेला जाऊन पडला. मनूचा हात पोचेना. कामात अडथळा आला की माणूस आवाज चढवतोच.

"मावशे, चिमटो पडलो. माका दी."

चांगलं खणखणीत बोलला. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं आणि हसली.

ऋताचे डोळे उघडे होते.

धरलं आपल्याला, असं मावशींना वाटलं. चेहरा पांढराफटक पडला होता ऋताचा. एवढा राग? मावशींनी घाईघाईने आवाज खाली आणला. "चुकलं गो माझं, ऋता. तू सांगितलेलंस इंग्लिश बोला म्हणून. मी बोलायचे थोडं थोडं. पण दिवसभर कुठून आणू तेवढं? मग आपली घरचीच बोली सुटते तोंडातून, आणि पोरगा ती उचलतो. आता तिकडे गेलात की विसरेल तो, तू काळजी नको..."

ऋता ऐकतच नव्हती. ती मनूकडे पाहत होती.

"तो बोलला," ती म्हणाली.

"हो ना, मालवणी बोलला. तेच तर सांगते..."

"मावशी. तो बोलला."

मावशी थांबल्या. ऋताचं मांडीवरच्या चिमट्याकडे लक्षही नव्हतं.

"बोलतो की," मावशी सावकाश म्हणाल्या. "म्हणजे? घरी नाही बोलत?"

"नाही. एकही शब्द नाही. सव्वादोन वर्षांचा झाला. आजवर एक शब्द नाही."

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर पायाखाली जमीन नव्हतीच. अर्धी सोललेली शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांना वाटलं, ही अर्धवट झोपेत आहे. मग वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही, कानात दडे बसलेत. पण ऋता बोलत होती, अगदी हलक्या आवाजात, मनूवरची नजर न काढता. दिवाळीच्या आधी त्याचे कान तपासून आणले. कान उत्तम. मग दुसरे डॉक्टर झाले, मग तिसरे. कोणी म्हणालं वाट बघा, कोणी म्हणालं उशीर करू नका. कोणी म्हणालं घरात एकच भाषा ठेवा, म्हणून त्यांनी घरातलं उरलंसुरलं मराठीही बंद करून टाकलं. बंगळूरला लग्न नव्हतंच. तिथे अशा मुलांसाठी एक केंद्र आहे, तिथे दाखवायला गेले होते.

"अशा म्हणजे कशा?" मावशींनी विचारलं.

ऋताने मान हलवून तो प्रश्न बाजूला सारला. "शंतनूची बदली झाली नाही," ती म्हणाली. "त्याने मागून घेतली. त्या केंद्रासाठी. रोज न्यावं लागणार ना मनूला."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"घाबरले. तुम्ही म्हणाला असता, असं मूल मी नाही सांभाळत. मग मी कुठे ठेवणार होते त्याला? आणि चाळीत एकाला कळलं की सगळ्यांना कळतं." मग ती पहिल्यांदाच मावशींकडे वळली. "पण मी विचारलं होतं. नवरात्रात. दारात उभी राहून विचारलं होतं तुम्हाला, मावशी, दिवसभरात काही बोलतो का हो हा?"

मावशींना तो दिवस आठवला. ऋताने पिवळी साडी नेसली होती. मनू तिच्या खांद्यावर पेंगत होता. आणि आपण म्हणालो होतो, छे गो, काही नाही. तुझ्याकडेच बोलेल बघ पहिल्यांदा.

"तुम्ही नाही म्हणालात," ऋता म्हणाली. "डॉक्टरांच्या फॉर्मवर प्रश्न होता, मूल घराबाहेर बोलतं का? मी लिहिलं, नाही. प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

तेवीस वर्षांत त्यांच्या हातून एका मुलाला चटका लागला नव्हता, एक मूल पायरीवरून पडलं नव्हतं. मुलं आजारी पडली तर रात्र रात्र त्यांनी देवाला कौल लावला होता. आणि या पोराला त्यांनी एका वाक्याने मुकं करून टाकलं होतं, कागदावर, सहीनिशी.

"मी खोटं बोलले तुझ्याशी," त्या म्हणाल्या. "श्रावणापासून बोलतो तो. चमचा पदराखाली लपवला होता, तर म्हणाला, खंय. तो त्याचा पहिला शब्द."

"का?" ऋताने विचारलं. "का असं केलंत?"

तेव्हा मावशींनी तिला मीराबाईची गोष्ट सांगितली. पाळणाघराचं पहिलंच वर्ष. मीराबाई परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, तिची अक्षता दहा महिन्यांची. एके दुपारी अक्षता भिंत सोडून चार पावलं चालली. मावशींना एवढा आनंद झाला की संध्याकाळी मीराबाई दारात येताच त्या ओरडूनच सांगत सुटल्या, अगो, तुझी लेक चालली आज. मीराबाई हसली नाही. चप्पल काढता काढता तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. दिवसभर दुसऱ्यांची माणसं उठवते, बसवते, चालवते, म्हणाली, आणि माझं मूल पहिल्यांदा चाललं ते मी बघितलं नाही.

"त्या दिवसापासून ठरवून टाकलं," मावशी म्हणाल्या. "मुलाचं पहिलं काहीही असो, पाऊल, दात, शब्द, मी बघितलं नाही. ते आईनेच बघायचं. चार दिवसांनी आई नाचत येते, मावशी, चालला, मावशी, बोलला. मग मी असा छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, काय सांगतेस. दीडेकशे मुलांच्या आयांना म्हटलं असेन. सगळ्या खूष होऊन गेल्या. तुझी वाट बघत होते मी. श्रावणापासून बघत होते. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, कौतुक चारचौघांत काढत नसतील."

ऋताने मनूच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सहा महिने मी झोपले नाहीये, मावशी." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मावशींना सोसलं असतं. माफ कर म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तो शब्द इतका तोकडा वाटला की परत मिटलं.

मनू एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. काम थांबलेलं त्याला आवडलं नव्हतं. त्याने आईच्या मांडीवरच्या चिमट्याकडे बोट केलं आणि "उं" केलं. आईशी तो असाच बोलायचा, बोटाने आणि उं करून.

"त्याला विचार," मावशी हळूच म्हणाल्या. "माझ्यासारखं विचार. चिमटो खंय म्हण."

"मला नाही येत ते."

"त्याला तरी कुठे येत होतं?"

ऋताने चिमटा उचलला. डाव्या हातात घेतला, पाठीमागे धरला. घसा दोनदा खाकरला. दादरच्या शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली मुलगी, पण आता दोन शब्दांसाठी तिला धीर गोळा करावा लागला.

"मनू," ती म्हणाली. "चिमटो खंय?"

मनू चकित होऊन तिच्याकडे बघतच राहिला. त्याची नजर तिच्या तोंडावर खिळली होती, जणू मावशी तिथे शिरून बसली आहे. मावशींनी पटकन मान वळवली आणि खिडकीला कपाळ टेकवून बसल्या. खाली बघू नको, असं तात्यांनी बजावलं होतं, पण दुसरीकडे बघायला जागा नव्हती. त्यांनी काही पाहिलं नाही. फक्त ऐकलं.

"हंय आसा," मनू म्हणाला. आणि थोड्या वेळाने, तक्रारीच्या सुरात, "दी ना गे."

ऋताचं रडणं ऐकून हवाई सुंदरी पाणी घेऊन आली. मावशींनीच हात करून तिला परत पाठवलं. मूल शांत होतं. रडत होती ती आई, आणि तिला रमवायला पिशवीत काही नव्हतं.

उरलेला अर्धा तास मावशी शब्द सांगत होत्या आणि ऋता विमानातल्या कागदी पिशवीवर लिहून घेत होती. पाण्याला काय म्हणतो, झोप आली की काय म्हणतो, कुत्रा, कावळा, जिना, भीती. दोन्ही बाजू भरल्या. केंद्रात नेणारच आहे, ऋता म्हणाली, पण आता फॉर्म नव्याने भरायचा. मावशींनी मान हलवली. आणखी काय करणार होत्या?

विमान टेकल्यावर ऋताने घाईने फोन काढला, शंतनूचं नाव लावलं, अंगठा वर धरला, आणि मग फोन तसाच पर्समध्ये टाकला. मावशींना वाटलं, बोलताना पुन्हा रडू येईल, म्हणून लावला नसेल.

शंतनू बाहेर कठड्याला टेकून उभा होता. दाढी वाढली होती, शर्टाला इस्त्री नव्हती. "हे चॅम्प," तो म्हणाला, "हाउ वॉज द फ्लाइट?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने मनूला उचलून घेतलं. सहा महिन्यांत त्याची वाट बघायची सवय गेली होती. मनूने त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. "थँक्यू हं मावशी," तो म्हणाला, "तुम्ही होता म्हणून झालं." ऋताने काही सांगितलं नाही, मावशींनीही नाही. तो त्या दोघांचा मामला होता.

मुलाला सोडून जाताना नजर चुकवून पळायचं नाही, सांगून जायचं, हा मावशींचा आणखी एक नियम. तोही आता खरा की खोटा, देव जाणे. पण त्या मनूच्या समोर गेल्या, त्याच्या पायावर हात ठेवला.

"येतंय हां मी," त्या म्हणाल्या.

मनूने मान वर केली. "मावशे," तो म्हणाला, "तू खंय चललंस?"

शंतनूच्या दुसऱ्या हातातली बॅग खाली आदळली. आजूबाजूच्या दोघाचौघांनी वळून पाहिलं. तो काही क्षण नुसता मुलाच्या तोंडाकडे बघत होता. "ऋता," तो म्हणाला. "ऋता, ऐकलंस? हा बोलला. आत्ता बोलला, मी ऐकलं."

ऋताने मावशींकडे पाहिलं. फार नाही, एक पापणी लवेल इतकंच. मग तिने छातीवर हात ठेवला.

"काय सांगतोस," ती म्हणाली.

हात जरा जास्तच वर गेला होता आणि आवाज नको तेवढा चढला होता. पण पहिल्याच खेपेला एवढं पुष्कळ झालं, सवयीने बसतं ते, हे मावशींना माहीत होतं. त्यांनी मनूला "घराक" एवढंच उत्तर दिलं आणि निघाल्या. मागे शंतनू हसत होता की रडत होता, ते त्यांनी वळून पाहिलं नाही.

परतीच्या विमानाला तीन तास होते. आत जाऊन त्या एका खुर्चीवर बसल्या. पदराला काहीतरी टोचत होतं, बघतात तर काठाला एक चिमटा लावलेला. मनूने कधी लावला होता कोण जाणे. त्यांनी तो काढला नाही. मग बराच वेळ समोरच्या काचेकडे बघत बसल्यावर त्यांनी फोन काढला आणि सौमित्रच्या आईला लावला. अकरा महिन्यांचा सौमित्र पाळणाघरात सगळ्यात धाकटा. त्याची आई परळच्या एका बँकेत.

"मावशी? काय झालं? सौमित्र बरा आहे ना?"

"बरा आहे गो. आज त्याला माझी सून बघते आहे." मावशी जरा पुढे सरकून बसल्या. "एक सांगायचं राहिलं होतं. परवा दुपारी तो कशाला न धरता उभा राहिला. मी बघितलं."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मागे बँकेतलं नोटा मोजायचं यंत्र फडफडत होतं, तेवढं ऐकू येत होतं. ही शांतता मावशींच्या ओळखीची होती, तेवीस वर्षांपूर्वी उंबऱ्यावर, मीराबाई रडायला लागण्याआधी ऐकलेली. त्यांनी तिच्यात काही घातलं नाही. फोन कानाशी धरून त्या थांबून राहिल्या.